झ्विडेचा सहा नंबर

मंडळी, नमस्कार.

सुरुवात एका खुर्चीपासून करतो. २८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसला लागून असलेलं स्टाद द फ्रान्स हे मैदान. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. घरातले सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलेलो. उत्तरार्ध सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार मैदान सोडून बाहेर आला आणि कडेच्या एका खुर्चीत बसला. टॅकल करताना त्याचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आदळलं होतं. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. म्हणजे दहा मिनिटं बाहेर. पण खरी धास्ती पुढेच असते. तो तिथे बसलेला असताना दुसरे पंच व्हिडिओ पाहून ठरवतात की हे पिवळंच राहू द्यायचं की लाल करायचं. लाल झालं की परत मैदानात येणं नाही. पूर्वार्धात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं असंच लाल झालं होतं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिलाच खेळाडू. आता दुसऱ्या कर्णधाराचा निकाल लागायचा होता.

गुणफलक १२-६, दक्षिण आफ्रिका पुढे. खुर्चीतल्या माणसाचं नाव सिया कोलिसी. त्याचं कार्ड पिवळंच राहिलं, तो परत आला आणि दक्षिण आफ्रिकेनं तो सामना १२-११ असा, एका गुणानं जिंकला. ओळीनं दुसरा विश्वचषक, देशाचा एकूण चौथा. कर्णधार म्हणून दोन विश्वचषक जिंकणारे जगात दोनच, न्यूझीलंडचा रिची मकॉ आणि हा.

मी शाळेत खेळशिक्षक. आयुष्य कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतींत गेलं. लांबट आकाराचा रग्बीचा चेंडू माझ्या हातात आला तो चाळिशीनंतर. तरीही आयोजकांनी ‘एखाद्या खेळाडूवर बोला’ म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं नाव याचंच आलं. आपल्याकडे रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखान्याचं मैदान, पुण्यातले मोजके क्लब आणि भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली पुण्याची वाहबिझ भरुचा, एवढंच लोकांना आठवतं. पण कोलिसीची गोष्ट समजायला रग्बी फार यावी लागत नाही. थोडी लागते, तेवढी सांगतो.

एका संघात पंधरा जण. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण सोबत्याला द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे फेकायचा नाही. समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. समोरचा पळत आला की त्याला खांद्यानं आणि हातांनी धरून पाडायचं, हे टॅकल. कबड्डी खेळलेल्यांनी पकड डोळ्यांसमोर आणावी. फरक इतकाच की इथे चढाईला येणारा शंभर-सव्वाशे किलोचा असतो, भरधाव येतो आणि दम लागला म्हणून थांबत नाही. टॅकल झाल्यावर खाली पडलेल्या चेंडूवर जो झुंबडीचा झगडा होतो तो रक. आणि या झगड्यात सगळ्यांत आधी पोचायचं काम ज्याचं, तो फ्लँकर. दक्षिण आफ्रिकेत हा माणूस सहा नंबरची जर्सी घालतो. ऐंशी मिनिटं पाडायचं, उठायचं, पळायचं, पुन्हा पाडायचं. गुण बहुतेक दुसरेच करतात. आकडेवारीच्या तक्त्यात कोलिसीला शोधायला गेलात तर तो तुम्हाला जेमतेम सापडेल. त्याला पाहायचं तर चेंडूवरची नजर काढून माणसांवर ठेवावी लागते.

आता त्याच्या जन्माकडे जाऊ. तारीख आहे १६ जून १९९१. दक्षिण आफ्रिकेत १६ जून ही साधी तारीख नाही. १९७६ साली याच दिवशी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. आणि सिया जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जून १९९१ रोजी, माणसांची वंशवार नोंद करणारा कायदा तिथल्या संसदेनं रद्द केला. कोण गोरा, कोण काळा, कोण कुठे राहणार, कोणत्या शाळेत जाणार, हे सगळं त्या नोंदीवर ठरायचं. पोर जन्मलं तेव्हा तो कायदा अजून लागू होता. कायदा गेला, पण त्यानं आखून ठेवलेल्या वस्त्या जागच्या जागी राहिल्या.

त्यातलीच एक झ्विडे. पोर्ट एलिझाबेथ शहराच्या कडेची काळ्या लोकांची वस्ती. त्या शहराचं अधिकृत नाव २०२१ मध्ये बदललं. नवं नाव खोसा भाषेतल्या, टाळूवर जीभ आपटून काढायच्या ‘टक्’ अशा आवाजानं सुरू होतं. आपल्या लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी जुनंच नाव वापरतो, राग नसावा. सियाचं स्वतःचं पूर्ण नावही खोसाच, सियामथांडा. अर्थ असा की ‘आमचं याच्यावर प्रेम आहे’. आई फकामा सोळा वर्षांची होती, वडील फेझाकेले तेही शाळकरीच. पोर वाढवलं ते आजीनं. तिचं नाव नोलुलामिले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रग्बी हा दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा खेळ आणि एक काळा मुलगा त्यात घुसला, असं ही गोष्ट अनेक जण सांगतात. ते बरोबर नाही. पोर्ट एलिझाबेथ ज्या ईस्टर्न केप भागात येतं, तिथे मिशनरी शाळांतून खोसा मुलं एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळत आली आहेत. वस्तीवस्तीत क्लब होते, त्यांच्या स्पर्धा होत्या. त्यांना देशाच्या संघात जागा नव्हती, एवढंच. १९७० च्या दशकात झ्विडेतल्या लोकांनी डॅन केके या रग्बी संघटकाच्या पुढाकारानं स्वतःचं मैदान उभं केलं, त्याला आज त्याचंच नाव आहे. रॉबेन बेटावरच्या तुरुंगातसुद्धा राजकीय कैद्यांनी रग्बीचे संघ बांधले होते, सामने खेळवले होते. स्प्रिंगबॉक, म्हणजे तिथला राष्ट्रीय संघ, परदेशी संघाशी खेळायचा तेव्हा काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या कुंपणात उभं करत. ते लोक तिथून पाहुण्या संघाला टाळ्या वाजवत. खेळ त्यांच्या जिवाचा होता. हिरवी जर्सी मात्र परकी होती.

म्हणून २४ जून १९९५ चं महत्त्व. जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला, राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला कर्णधार फ्रांस्वा पिनारची सहा नंबरची हिरवी जर्सी अंगात घालून आले. ज्या जर्सीनं आपल्या लोकांना बाहेर ठेवलं, ती त्यांनी अंगावर घेतली. दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला १५-१२ असं हरवलं. त्या पंधरा जणांत श्वेतेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. सिया तेव्हा चार वर्षांचा.

त्या वयात तो कशाशी खेळत होता, हे त्यानंच सांगितलंय. एका विटेशी. ती त्याची गाडी. जमिनीवरून सरकवत न्यायची, तोंडानं गाडीचा आवाज काढायचा. दुसरं खेळणं नव्हतं. आजी लोकांकडे कामाला जायची, पुढे तब्येतीनं तेही सुटलं. ती ओळखीच्यांकडून पावाचा तुकडा मागून आणायची आणि पोराला द्यायची, स्वतः तशीच राहायची. काही रात्री पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून साखरपाणी पिऊन तो झोपे. शाळेत मुलांना जे खायला मिळायचं, तेच दिवसातलं खात्रीचं अन्न.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो, कारण हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. आमच्या शाळेत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. चारशे मीटर असा पळायचा की पायाखालची माती उडताना दिसायची. तालुक्याच्या स्पर्धेची तयारी होती म्हणून मी सरावाची वेळ सकाळी सहाची ठेवली. चौथ्या दिवशी तो तिसऱ्या फेरीत बसला. मला वाटलं कंटाळला, मी रागावलो. तो काही बोलला नाही. दुपारी खिचडीच्या पंगतीत तो माझ्या समोरच्या रांगेत होता. त्यानं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि पहिले चार घास त्यानं न चावता गिळले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा काल दुपारच्या खिचडीनंतर आत्ता जेवतो आहे, आणि मध्ये मी त्याला सहा वाजता पळवलंय. दुसऱ्या दिवसापासून सराव खिचडीनंतर तासाभरानं. मी तेव्हा सोळा वर्षं नोकरी केलेला माणूस होतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला सुचली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कोलिसीच्या गोष्टीत मला सगळ्यांत आधी कौतुक वाटतं ते एरिक सोंग्विकी या शिक्षकाचं. झ्विडेतल्या एमसेंगेनी प्राथमिक शाळेत ते मुलांना रग्बी शिकवत. वस्तीतल्या आफ्रिकन बॉम्बर्स क्लबशीही त्यांची नाळ जोडलेली. अंगानं सिया किरकोळच होता, पण सोंग्विकी सरांच्या नजरेनं त्याला हेरलं. सियानं पहिल्या मोठ्या निवड चाचणीत आतली बॉक्सर चड्डी घालून खेळ केला, कारण खेळायची अर्धी विजार त्याच्याकडे नव्हती. बारा वर्षांचा असताना मॉसेल बे इथल्या एका स्पर्धेत त्याचा खेळ पाहिला गेला आणि पोर्ट एलिझाबेथमधल्या ग्रे या नामांकित शाळेनं त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. राहणं, खाणं, शिक्षण सगळं.

त्याच सुमारास आजी गेली. घरातच, स्वयंपाकघरात कोसळली. पोराच्या हातांत तिनं प्राण सोडला. आईही तो शाळेत असतानाच वारली. यापुढे मी काही बोलत नाही.

ग्रे शाळा त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर. पण तो गेला ते दुसऱ्या देशात गेल्यासारखा. इंग्रजी येत नव्हतं. एका वर्गमित्रानं त्याला इंग्रजी शिकवलं आणि बदल्यात त्यानं त्या मित्राला खोसा. ही अदलाबदल मला फार आवडते, कारण यात नुसतं घेणं नाही. वसतिगृहात तीन वेळचं जेवण. त्या जेवणावर हा किरकोळ पोरगा उंच झाला, रुंद झाला. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. तो पुढे स्वतःच म्हणाला की त्या शाळेत गेलो नसतो तर नीट जेवलो नसतो, अंगानं वाढलोच नसतो, आणि मग कसला स्प्रिंगबॉक.

हे तो म्हणाला तो प्रसंगही सांगण्यासारखा आहे, कारण त्यावरून वाद झाला. २०१९ च्या सुरुवातीला एका जपानी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना त्याला संघातल्या वांशिक कोट्याविषयी विचारलं. त्या वर्षापर्यंत संघात निम्मे खेळाडू श्वेतेतर असावेत, असं उद्दिष्ट देशातल्या क्रीडा यंत्रणेनं ठेवलं होतं. कोलिसी म्हणाला की वर राष्ट्रीय संघात आकडे ठरवून उपयोग नाही, सुरुवात वस्त्यांतून व्हायला हवी. मंडेलांनीही कोट्याला पाठिंबा दिला नसता, असंही तो बोलला. त्यावर काळ्या समाजातूनच मोठी टीका झाली. दार बंद ठेवणाऱ्यांना आकड्यांशिवाय दार उघडायला कोण लावणार होतं, हा टीकाकारांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. मला विचाराल तर दोघांच्या बोलण्यात विरोध मला दिसत नाही. कोटा नसता तर निवडणाऱ्यांनी झ्विडेकडे पाहिलंही नसतं. पण निवड समितीच्या टेबलावर जेव्हा विशीतल्या मुलाचं नाव येतं, तेव्हा त्याचं हाड वाढायचं वय केव्हाच सरलेलं असतं. त्याच्याबरोबर एमसेंगेनीत खेळणारी, त्याच्याइतकीच चपळ दुसरी पोरं असतीलच ना? त्यांच्यासाठी ग्रे शाळेत खाट नव्हती. माझ्या मते कोलिसीच्या कारकिर्दीचा विचार इथून सुरू व्हायला हवा, आणि तो स्वतःही इथूनच करतो.

पुढची काही वर्षं भराभर. शाळेनंतर केपटाउन. २०११ मध्ये वेस्टर्न प्रोव्हिन्सकडून मोठ्यांच्या संघात, २०१२ पासून केपटाउनच्याच स्टॉर्मर्स संघाकडून सुपर रग्बी या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत. १५ जून २०१३, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नेल्सप्रुइट इथे स्कॉटलंडविरुद्ध पहिली कसोटी. रग्बीत देशादेशांमधल्या सामन्याला कसोटी म्हणतात. तो खरं तर बाकावरचा राखीव. पहिल्याच काही मिनिटांत आर्नो बोथा जखमी झाला, याला आत पाठवलं, आणि सामनावीर हाच ठरला. २०१५ च्या विश्वचषकातही तो संघात होता, पण आत-बाहेर असा. याच काळात, २०१४ मध्ये, त्यानं आणखी एक गोष्ट केली. आईच्या पश्चात त्याची दोन धाकटी सावत्र भावंडं सरकारी देखरेखीत कुठेतरी हरवल्यासारखी झाली होती. त्यानं त्यांना शोधून काढलं आणि कायदेशीर ताबा घेऊन घरी आणलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

संघाची अवस्था मात्र वाईट होत गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूझीलंडनं ऑल्बनी इथे दक्षिण आफ्रिकेला ५७-० असं हरवलं. सत्तावन्न-शून्य. कोलिसी त्या संघात होता. रग्बी जिथे धर्मासारखी आहे अशा देशाला हा आकडा किती लागला असेल, याचा अंदाज आपल्याला क्रिकेटवरून बांधता येईल.

२०१८ मध्ये रॅसी इरास्मस प्रशिक्षक म्हणून आला. केपटाउनला असताना त्यानं सियाला विद्यार्थिदशेपासून पाहिलं होतं. त्यानं मे महिन्याच्या अखेरीस कर्णधार जाहीर केला, सिया कोलिसी. आता हा हिशेब ऐका. दक्षिण आफ्रिकेची पहिली कसोटी झाली जुलै १८९१ मध्ये. कुठे? पोर्ट एलिझाबेथला. त्यानंतर एकशे सत्तावीस वर्षांनी, त्याच शहराच्या कडेच्या वस्तीतला मुलगा, कसोटीत देशाचं नेतृत्व करणारा पहिला काळा आफ्रिकी कर्णधार झाला. पहिला सामना ९ जून २०१८, इंग्लंडविरुद्ध, एलिस पार्क. म्हणजे मंडेलांनी जर्सी घातली तेच मैदान. पहिल्या वीसेक मिनिटांतच इंग्लंड २४-३ असं पुढे. कुणाचाही धीर सुटावा अशी वेळ. शेवट ४२-३९, दक्षिण आफ्रिका विजयी.

कर्णधार म्हणून त्याची रीत कशी आहे? तो मैदानात फार ओरडत नाही. पंचांशी बोलताना आवाज चढवत नाही. आणि इरास्मसच्या डावपेचांत पुढच्या फळीचे ताजेतवाने खेळाडू उत्तरार्धात एकदम उतरवायचे असत, त्यामुळे कर्णधार बऱ्याचदा सामना संपायच्या आत बाहेर येतो. आपल्याकडे कर्णधाराला बाहेर काढणं म्हणजे अपमान समजला गेला असता. हा मात्र बाहेर येतो, अंगावर जॅकेट चढवतो आणि कडेला उभा राहून ओरडत राहतो. मी माझ्या कबड्डीच्या मुलांना हे मुद्दाम दाखवलंय. आमच्या एका कप्तानानं मध्ये बदललं म्हणून चटईवर पाय आपटले होते.

२०१९ चा विश्वचषक जपानमध्ये. त्याआधी मे महिन्यात त्याचा गुडघा दुखावला, जाईल की नाही अशी शंका होती. गेला. पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडकडून २३-१३ अशी हार. पहिला सामना हरून कुणी विश्वचषक जिंकला नव्हता. मग एकेक पायरी. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जपान, २६-३. उपांत्य फेरीत वेल्स, १९-१६, अगदी शेवटाकडे मिळालेल्या पेनल्टीवर, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या किकवर. अंतिम सामना २ नोव्हेंबर, योकोहामा, समोर इंग्लंड. इंग्लंडनं आधीच्या आठवड्यात न्यूझीलंडला गारद केलं होतं, जाणकार सगळे त्यांच्या बाजूनं होते. कोलिसीची ही पन्नासावी कसोटी. अंगावर सहा नंबर.

आपल्याकडे दुपारचे अडीच. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून गल्लीतली चार पोरं मी घरी बोलावली होती. त्यांना नियम कळत नव्हते, पण स्क्रम कळला. आठ विरुद्ध आठ माणसं खांद्याला खांदा लावून रेटतात, ते कुणालाही कळतं. दक्षिण आफ्रिकेच्या पुढच्या फळीनं इंग्लंडला स्क्रममध्ये असं मागे ढकललं की एक पोरगा उठून उभाच राहिला. हांद्रे पोलार्ड पेनल्टीमागून पेनल्टी मारत गेला, त्याचे एकट्याचे बावीस गुण. मग सहासष्टाव्या मिनिटाला लुखान्यो आमनं न बघता बाजूला चेंडू दिला आणि माकाझोले मापिम्पीनं ट्राय केला. दक्षिण आफ्रिकेनं आजवरच्या कोणत्याही विश्वचषक अंतिम सामन्यात केलेला हा पहिला ट्राय. आम आणि मापिम्पी दोघंही ईस्टर्न केपचे. खोसा मुलं शंभरावर वर्षं जिथे खेळत आली, त्याच मातीतले. नंतर चेस्लिन कोल्बेचा ट्राय. ३२-१२.

त्या दिवशी सुरुवातीच्या पंधरा जणांत श्वेतेतर खेळाडू सहा होते. विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत १९९५ ला एक, २००७ ला दोन, २०१९ ला सहा. आणि कुणाची निवड आकड्यासाठी झाली, असं त्या सामन्यानंतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

प्रेक्षकांत त्याचे वडील फेझाकेले होते. मुलानं त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांचा तो पहिलाच परदेश प्रवास.

विजयानंतरचा कोलिसी मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण त्याबद्दल थोडकंच बोलता येईल. २०२० मध्ये पत्नी रेचलबरोबर त्यानं कोलिसी फाउंडेशन सुरू केलं, आणि टाळेबंदीत पहिलं काम काय केलं तर वस्त्यांमध्ये धान्याची पाकिटं पोचवली. मला यात नवल वाटलं नाही. त्याच वर्षी वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठत होता, तेव्हा यानं एका चित्रफितीत कबूल केलं की संघातली जागा जाईल या भीतीनं आपण वर्षानुवर्षं गप्प बसलो. विश्वविजेत्या कर्णधाराला असं म्हणायची गरज नव्हती. लहानपणी घरात आणि शेजारी त्यानं बायकांना मार खाताना पाहिलं होतं. त्याविषयी तो पुरुषांशी, मुलांशी उघडपणे बोलतो. स्वतःच्या दारूबद्दल, चुकांबद्दलही त्यानं लपवाछपवी केली नाही. पुढे त्याचा संसारही मोडला, २०२४ मध्ये दोघांनी ते जाहीर केलं. त्याचा पुतळा करून देव्हाऱ्यात ठेवावा असं मी म्हणत नाही, त्यालाही ते चालणार नाही.

आणि एप्रिल २०२३. डर्बनच्या शार्क्स संघाकडून खेळताना गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध फाटला. खेळाशी संबंध असलेल्यांना ठाऊक आहे, या दुखापतीनंतर आठ-नऊ महिने माणूस मैदानाबाहेर असतो. विश्वचषक पाच महिन्यांवर. ऑगस्टमध्ये तो कार्डिफला वेल्सविरुद्ध उतरला. मग फ्रान्सला एका गुणानं हरवलं, २९-२८. इंग्लंडला एका गुणानं, १६-१५. आणि अंतिम सामना, तोही एका गुणानं. बाद फेरीचे तीन सामने, मिळून तीन गुणांचा फरक. त्यातच ती खुर्ची.

आता त्या मैदानाबद्दल एक सांगायचं राहिलं. स्टाद द फ्रान्सवर दक्षिण आफ्रिका त्याआधीही एकदा विश्वचषक जिंकली होती, २० ऑक्टोबर २००७ रोजी, इंग्लंडला १५-६ असं हरवून. सिया तेव्हा सोळा वर्षांचा. घरी टीव्ही नव्हता. झ्विडेतल्या एका दारूच्या गुत्त्यात, मोठ्या माणसांच्या गर्दीत उभं राहून त्यानं तो सामना पाहिला. तो म्हणतो, एक खेळ लोकांना असा एकत्र आणतो हे मी त्या गुत्त्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

बारा वर्षांनी योकोहामात सामना संपला, अंग घामानं निथळत होतं, गळ्यात पदक होतं, आणि त्याच्यासमोर माइक धरला गेला. अशा वेळी खेळाडू प्रशिक्षकाचं नाव घेतो, प्रायोजकाचं घेतो, देवाचं घेतो. यानं आभार मानले ते गुत्त्यांत बसून सामना पाहणाऱ्यांचे, शेबीनमध्ये, म्हणजे वस्त्यांतल्या विनापरवाना दारूघरांत, बसलेल्यांचे, शेतांवर राबणाऱ्यांचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांचे, आणि ज्यांना घरच नाही त्यांचे. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठीही पडदे लावले होते, हे त्याला माहीत होतं, आणि तेवढ्या गडबडीतही तो ते सांगायला विसरला नाही.